जुन्या स्कॅनची टेप

मित्रांनो, टेप म्हटले की तुम्हांला गाणी आठवतील. मी एक जुनी टेप आहे हे खरे, पण माझ्यावर एकही गाणे नाही. तळहातावर मावेल एवढी काळपट चौकोनी डबी, आत एकाच चाकावर गुंडाळलेली बारीक पट्टी. ही पट्टी उलगडली तर आमच्या इस्पितळाच्या दारापासून सामुद्रधुनीच्या धक्क्यापर्यंत जाईल. तिच्यावर माणसांच्या छात्या आहेत, गुडघे आहेत, कवट्या आहेत. सगळे इस्पितळात काढलेले स्कॅन. ते दिसतात कसे, हे मला माहीत नाही. माझ्यावरचे मला वाचता येत नाही, ते वाचणारे यंत्र वेगळे असते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला फारसे काही वाटत नाही. माझे सारे आयुष्य थंड खोलीत गेले. तेव्हा गोष्ट सांगताना माझा आवाज कुठे भरून आला नाही, तर रागावू नका.

माझा जन्म झाला ती खोली इतकी स्वच्छ होती की तिथे माणसेही नखशिखांत झाकलेली असत. चेहरे आठवत नाहीत, डोळे तेवढे आठवतात. मग पेटीत बंद होऊन, बोटीने, मी पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळच्या पुन्ता अरेनास या बंदराच्या शहरात आले. मला वेष्टनातून काढले ते मिर्ता ओयार्सोने. ती इस्पितळाच्या संगणक विभागात होती आणि टेपांचे कपाट तिच्या ताब्यात होते. तिने माझ्या पाठीवर बारकोडची पट्टी चिकटवली, अंगठ्याने नीट दाबली आणि मला खणात सरकवले.

आमचे कपाट माणसाहून थोडे उंच, पुढे काच, आत दोन्ही बाजूंना खण. मधल्या रुळावर एक लोखंडी हात वर-खाली फिरत असे. दिवसभराचे स्कॅन काढून झाले की बॅकअपचे सॉफ्टवेअर हुकूम सोडी. मग तो हात येऊन आमच्यापैकी एकीला उचलून ड्राइव्हमध्ये, म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या यंत्रात नेऊन ठेवी. पट्टी सरसर पळायची, लिहिली जायची, पुन्हा गुंडाळली जायची. पुन्हा खण. अशी वर्षे गेली आणि मी भरले.

आमचे कौतुकही झाले, नाही असे नाही. एकदा सर्व्हरच्या डिस्क एकदम बिघडल्या आणि कित्येक आठवड्यांचे स्कॅन नाहीसे झाले. मिर्ताने आम्हांला एकेक करून लावले आणि गेलेले सगळे परत आणले. क्ष-किरण विभागाने रुबार्बच्या आंबट देठांचा केक पाठवला. तो आमच्याच कपाटावर ठेवून कापला. कोणीतरी कपाटाच्या काचेवर शाबासकी दिल्यासारखे थोपटले. थोपटले ते कपाटाला, पण मी ते माझ्या खाती धरून ठेवले.

मग नवे कपाट आले. त्यातला ड्राइव्ह आमच्या जातीच्या टेपा वाचत नसे. अलीकडचे स्कॅन नव्या टेपांवर गेले, जुने नंतर सावकाश नेऊ असे ठरले, आणि ते नंतर काही आले नाही. मुदत भरली तशी सॉफ्टवेअरने आपल्या सूचीतून आमची नावे पुसून टाकली. त्यात कोणाचा राग नव्हता. मुदत भरली की ते तसेच करते. आम्हांला प्लास्टिकच्या खोक्यांत भरून मागच्या दाराजवळच्या खोलीत ठेवले. तिथे मोडक्या चाकांच्या खुर्च्या होत्या आणि दाराच्या फटीतून वारा यायचा. जुने कपाट जड, म्हणून ते जागेवरच राहिले. मिर्ताच्या हाताखालचा येर्को त्यावर आपली टोपी आणि पावाची पिशवी ठेवू लागला.

त्या खोलीत मी किती काळ पडून होते, ते मोजले नाही. थंडी यायची, थोडी कमी व्हायची, परत यायची.

आता खरी गोष्ट. तिची सुरुवात मला नंतर येर्कोच्या बोलण्यातून कळली.

बाल्तासार कार्कामो हा खेकडे धरणारा माणूस. दक्षिणेच्या खाड्यांमध्ये बोट घेऊन जायचा, पिंजरे टाकायचा, लांब तंगड्यांचे खेकडे घेऊन यायचा. साठी ओलांडलेली, हृदय अधू. त्या हिवाळ्यात त्याचा खोकला हटेना म्हणून छातीचा स्कॅन काढला, तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक सावली दिसली. ती मोठ्या रक्तवाहिनीला इतकी खेटून होती की सुई घालून तुकडा काढणेही धोक्याचे. राजधानी सांतियागोच्या सर्जनांनी सांगितले, गुरुवारी घेऊन या, छाती उघडून काढून टाकू. पण या हृदयाने तो टेबलावरून उठेल याची त्यांना खात्री नव्हती. तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही होते.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर रादिच यांनी त्याला विचारले, "पूर्वी कधी छातीचा स्कॅन काढला होता का?"

"काढला होता की. इथेच. बोटीवर पडलो होतो, बरगड्या मोडल्या होत्या. आठेक वर्षं झाली."

ती सावली तेव्हाही एवढीच असेल, तर तो जुना निरुपद्रवी व्रण. त्याला हात लावायचे कारण नाही. ती तेव्हा नसेल, तर गुरुवार. एवढा साधा प्रश्न होता. पण नव्या सर्व्हरवर तो स्कॅन नव्हता.

डॉक्टर रादिच स्वतः खाली संगणक विभागात आल्या. मिर्ताने सॉफ्टवेअरमध्ये शोधले. उत्तर आले: अशी फाइल नाही.

"म्हणजे गेला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"म्हणजे सॉफ्टवेअरला माहीत नाही," मिर्ता म्हणाली. "टेपेवरून पुसला गेलेला नाही. टेपा मागे पडल्या आहेत."

"चालतील?"

"माहीत नाही."

हे तिने जसे सांगितले, तसेच ती त्या दिवसांत सगळे सांगत असे, एकाच सुरात, ना वर ना खाली. तिचा नवरा एर्नान याच इस्पितळात स्कॅन काढायचा. मार्च महिन्यात, म्हणजे त्या हिवाळ्याच्या थोडे आधी, तो गेला. मिर्ता थोड्या दिवसांनी कामावर परतली आणि सगळी कामे पूर्वीसारखी करू लागली. येर्को कोणाला तरी सांगत होता, "ताई ठीक आहे. जेवते, काम करते, विचारलं तर उत्तर देते. पण आत दिवा नाही लावलेला."

येर्को खोके घ्यायला आला तेव्हा दार गोठून बसले होते. त्याने खांदा लावून उघडले. आम्हांला उचलून उबदार खोलीत आणले आणि तो लगेच मला ड्राइव्हच्या तोंडाशी नेऊ लागला.

"थांब," मिर्ता म्हणाली. "हात लाव तिला."

"लावलाय. बर्फ आहे."

"मग? उबेत आणल्या आणल्या आत दव धरतं. तशीच फिरवलीस तर पट्टी चिकटेल. उद्यापर्यंत टेबलावर राहू दे सगळ्यांना."

"ताई, गुरुवारचं काय?"

"म्हणूनच सांगते."

येर्कोने आम्हांला टेबलावर मांडून ठेवले. भाजीवाल्याने वांगी मांडावीत तशी, असे तोच म्हणाला. मग त्याने कपाटावरची टोपी आणि पाव उचलले आणि वीज जोडली. लोखंडी हात कण्हत निघाला, अर्ध्यावर गेला आणि थांबला. पुन्हा चालू केले, पुन्हा तिथेच थांबला.

"आजीबाईचा गुडघा धरलाय," येर्को म्हणाला.

त्याने काच काढून आत डोके घातले. कधीतरी कुठल्यातरी टेपेच्या पाठीवरून निघालेली बारकोडची पट्टी रुळाला चिकटून वाळली होती. ती खरवडून काढल्यावर हात थेट वरपर्यंत गेला.

त्याच दुपारी बाल्तासार कार्कामो आला. त्याला बोलावले नव्हते. आपली जुनी छाती खाली शोधतायत असे कोणीतरी सांगितले होते, म्हणून तो आला आणि दारात टोपी धरून उभा राहिला.

"बसा भाऊ," मिर्ता म्हणाली. "पण आज काही कळायचं नाही. टेपा गरम व्हायच्या आहेत."

"मी घाईत नाही. घरी पुतणी आहे, ती रडते. तिच्यासमोर बसून तरी काय करू?"

येर्कोने त्याला माते, म्हणजे नळीने ओढून प्यायचा आमच्याकडचा कडू चहा, दिला. बाल्तासारने नळी तोंडाला लावली, पण ओढायचे विसरला.

"भीती वाटते का?" येर्कोने सहज विचारले. मिर्ताने त्याच्याकडे पाहिले, पण प्रश्न तोंडातून निघून गेला होता.

"नाही," बाल्तासार म्हणाला. "तेच तर विचित्र आहे. दात काढताना हिरडीत सुई देतात ना, तसं सगळ्या अंगाचं झालंय. खातो, चव नाही. डॉक्टर सांगतात ते ऐकू येतं, पण दुसऱ्या कोणाचं तरी सांगतायत असं वाटतं."

मिर्ता म्हणाली, "हो. तसंच होतं."

बाहेर वारा पत्र्याला धरून हलवत होता. येर्को ताजा पाव आणायला गेला.

बाल्तासार टेबलावरच्या आमच्याकडे बघत होता. म्हणाला, "तो स्कॅन काढला तेव्हा माझी अवस्था फार वाईट होती, बाई. आडवं होता येत नव्हतं. तिथे एक माणूस होता, जाड मिशीवाला. त्याने आपला पांढरा कोट काढला, घडी केली, माझ्या डोक्याखाली घातला. म्हणाला, 'उशी नेलीय धुवायला, यावर भागवा.' मग हळूहळू मला निजवलं. श्वास रोखा म्हणाला तर मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. तर म्हणाला, 'चला, दोघं मिळून रोखू.' आणि खरंच रोखला त्याने. काचेतून दिसत होता मला, गाल फुगवून."

मिर्ताचे हात टेबलावर होते. ते तसेच राहिले.

"तो माझा नवरा," ती म्हणाली.

"हो का? अजून आहे इथे?"

"नाही. मार्चमध्ये गेला."

बाल्तासारने टोपी हातात फिरवली. "मला माहीत नव्हतं."

"त्याच्या कोटाची कॉलर रोज चुरगळलेली यायची," मिर्ता म्हणाली. "रोज इस्त्री करायचे मी. सव्वीस वर्षं. मला वाटायचं दुपारी कुठेतरी झोपतो. भांडलेही आहे त्यावरून. तो नुसता हसायचा."

"झोपत नव्हता तो, बाई."

"नसेल."

मित्रांनो, मी तिच्या कोपराजवळ होते. ती रडली असे मी सांगणार नाही, कारण ती रडली नाही. तिने एक लांब श्वास घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग सोडला आणि येर्कोने आणलेल्या पावाचा तुकडा मोडून बाल्तासारपुढे केला. दोघांनी खाल्ला. चव लागली की नाही, ते कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीएवढ्या उबदार झालो होतो. मिर्ताने आमची पाठ कोरड्या फडक्याने पुसली, म्हणजे बारकोड वाचता यावा, आणि आम्हांला खणांत घातले. काम सुरू झाले तसे एकेक अडून बसू लागले. आधी ड्राइव्ह म्हणाला, मला साफ करा. साफ करायची खास टेप असते, ती केव्हाच वापरून संपली होती. येर्को बंदराच्या कचेरीत धावला आणि तिथल्या मित्राकडून एक मागून आणली. मग सॉफ्टवेअरला ड्राइव्हच दिसेना. मध्यंतरी सर्व्हर बदलला होता आणि जुन्या ड्राइव्हचा पत्ता त्याला कोणी सांगितला नव्हता. तो सांगितला. मग पहिली टेप लावली, तर सॉफ्टवेअर म्हणाले, ही अनोळखी आहे, हिच्यावर नव्याने लिहू का?

येर्कोचे बोट 'हो'च्या बटणावरच होते.

"हात काढ," मिर्ता म्हणाली. ती पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. येर्कोने हात मागे घेतला. तिने टेप बाहेर काढायला लावली आणि आमच्यातल्या प्रत्येकीच्या कडेचे छोटे बटण सरकवून कुलूप लावले. असे कुलूप लागले की वाचता येते, लिहिता येत नाही.

"रागावलीस?" येर्कोने विचारले.

"नाही. पुसलं असतंस ना, तर रागवायलाही काही उरलं नसतं."

अनोळखी टेप ओळखीची करून घ्यायची म्हणजे ती पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत वाचायची आणि सूची नव्याने बांधायची. पहिल्या टेपेवर दुसराच महिना निघाला. दुसरीवर स्कॅनऐवजी पगारपत्रके. मग हात माझ्यापाशी आला. इतक्या वर्षांनी पट्टी उलगडताना ती ओढल्यासारखी झाली, एके जागी ड्राइव्ह मागे-पुढे करून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. पण वाचली. दुपार कलली तेव्हा येर्को म्हणाला, "कार्कामो, बाल्तासार. आहे इथे."

त्यांनी फाइली परत काढायचा हुकूम दिला. पडद्यावर लगेच चूक आली. फाइली जिथून घेतल्या तिथेच परत ठेवायला सॉफ्टवेअर निघाले होते, आणि ती जागा आता अस्तित्वातच नव्हती.

"पाडलेल्या घराच्या पत्त्यावर टपाल टाकतोय बघ," येर्को म्हणाला. त्याने मिर्ताच्या संगणकावर एक रिकामा फोल्डर केला, हा नवा पत्ता दिला आणि पट्टी पुन्हा पळू लागली.

स्कॅन म्हणजे पावाचे कापतात तसे छातीचे पातळ काप असतात, गळ्यापासून खाली पोटापर्यंत. एकेक काप माझ्यावरून उतरत होता. मग मध्येच थांबले. लिहिताना माझी जागा तिथेच संपली होती आणि उरलेले काप शेजारच्या टेपेवर गेले होते. ती शेजारीण लावली, तर ड्राइव्हने ती लगेच बाहेर ढकलली. तिच्या पट्टीच्या टोकाची पिन तुटून आत गेली होती. धरायलाच काही नव्हते.

मिर्ताने फोन उचलला. "डॉक्टर, पूर्ण नाही मिळाला. वरचा भाग आहे, खालचा नाही. तुम्हांला हवं ते छातीत कुठे आहे?"

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण डॉक्टर रादिच लिफ्टची वाट न बघता जिन्याने आल्या. बाल्तासार कोपऱ्यात बसलेलाच होता. सकाळपासून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी एका बाजूला नवा स्कॅन उघडला, दुसऱ्या बाजूला जुना. गळ्याकडून खाली एकेक काप सरकवू लागल्या. मी ड्राइव्हच्या पोटात थांबून होते.

त्या थांबल्या. मोजपट्टी लावली. मागचा काप पाहिला, पुढचा पाहिला, पुन्हा मोजले.

"बाल्तासार, इकडे या. हे बघा. ही आत्ताची. आणि ही तेव्हाची."

"सारखीच दिसते."

"सारखीच आहे. केसाएवढीही वाढलेली नाही."

"मग मी हे घेऊनच फिरतोय इतकी वर्षं? बोटीवर, पिंजरे ओढताना?"

"हो. आणि पुढेही घेऊन फिरा. सांतियागोला जायचं नाही. खोकल्याचं औषध देते, तंबाखू सोडा."

"बरं," तो म्हणाला.

एवढेच. हसला नाही, देवाचे नाव घेतले नाही. उठला, कोट चढवला आणि बटणे लावू लागला. एकही बटण काजात जाईना. तो आपल्या बोटांकडे दुसऱ्याची असावीत तसा बघत राहिला. मिर्ता उठली. खालपासून वरपर्यंत तिने सगळी बटणे लावून दिली आणि कॉलर सरळ केली.

"जा आता," ती म्हणाली. "पुतणीला सांगा."

तो गेल्यावर ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. येर्कोने तिच्याकडे न बघता टेपा आवरायला घेतल्या. त्याला ही अक्कल होती.

पुढे डॉक्टर रादिच यांनी वर सांगून ठरवून घेतले, की सगळ्या खोक्यांतल्या टेपा वाचून नव्या टेपांवर उतरवायच्या. जुने कपाट सुरू आहे तोवर आणि मिर्ता निवृत्त व्हायच्या आत. ते काम आता चालू आहे. तुटक्या पिनची शेजारीणही दुरुस्त झाली, बाल्तासारची उरलेली छाती तिच्यावर मिळाली. काही टेपा मात्र वाचल्याच गेल्या नाहीत. त्यांच्यावर कोणाकोणाचे काय होते, ते आता कधी कळणार नाही.

माझ्यावरचे सगळे उतरवून झाले आहे. उतरवलेल्या टेपा यंत्रात घालून त्यांचा चुरा करतात, रोग्यांचे खासगी असते म्हणून. माझे खोके दाराशी आणून ठेवले आहे. मला भीती वाटत नाही, तसे मी आधीच सांगितले आहे. काल मिर्ता जाता जाता थांबली, मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले. येर्कोने विचारले, "ठेवायची आहे का घरी?"

"नको," ती म्हणाली. "घरी वाचायला यंत्र कुठे आहे?" आणि मला परत ठेवले. हळूच ठेवले.

मित्रांनो, तुमच्याही घरी काही ना काही जपून ठेवलेले असेल. डबीत, पत्रे टोचायच्या तारेत, कपाटात, कोणाच्या तरी आठवणीत. ठेवले म्हणजे राहिले असे समजू नका. अधूनमधून ते काढून बघा, अजून वाचता येते का ते. आणि वाचून दाखवणारे माणूस जवळ आहे तोवर त्याला विचारून घ्या. मला विचारले ते उशिरा, तरी मी वाचले गेले. माझ्या खोक्यातल्या सगळ्याच जणींच्या वाट्याला ते आले नाही.